शेपूट गळालेली गाणी

आमच्या गावात माणूस साठीचा झाला की त्याची गाण्यातून सुटका नाही. तो पळून गेला तर गाणं पोस्टानं येतं. नातेवाईक सगळ्यांना येणारी एखादी चाल पकडतात, तिच्यावर स्वतःचे शब्द बसवतात, ते छापून घेतात आणि भर पंगतीत वाटतात. मग सगळे मिळून त्या माणसाच्या तोंडावर गातात की तो किती चिकट आहे, कसा घोरतो आणि एकदा त्यानं चुकून शेजाऱ्याचीच गाडी धुतली होती. तो हसत ऐकतो. ऐकावंच लागतं, कारण शेवटचं कडवं त्याचं असतं. त्यात सगळं मागे घेतलं जातं, तू आमचा आहेस असं सांगितलं जातं, तीनदा हुर्रा होतं आणि पेले वर जातात. आधीची कडवी म्हणजे इंजेक्शन, शेवटचं म्हणजे नंतर चोळायचा कापूस.

ही गाणी रिग्मोरच्या छापखान्यात छापतात आणि मी तिथे काम करतो. रिग्मोरचा एकच नियम आहे. गाणं छापायचं, वाचायचं नाही. गाव लहान. ज्याच्यावर गाणं रचलंय तोच माणूस दुपारी पावती पुस्तकं न्यायला दुकानात येतो.

"आणि तुझा चेहरा म्हणजे दुकानाची काच," रिग्मोर म्हणते. "आत काय मांडलंय ते रस्त्यावरून दिसतं."

गाणी ईमेलनं येतात आणि नटूनथटून येतात. गुलाबी अक्षरं, कडेला वेली, मध्येच नाचणाऱ्या डुकराचा फोटो. मी सगळं निवडतो आणि कॉपी करतो. कॉपी केलेलं जिथे जाऊन बसतं त्या क्लिपबोर्डवरून ते उचलायला मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. तिला आम्ही चाळण म्हणतो. चाळण रंग, वेली आणि डुक्कर टाकून देते, ओळी आणि ठळक अक्षरं ठेवते आणि साफ झालेला मजकूर परत क्लिपबोर्डवर ठेवते. मी तो मांडणीच्या पानावर चिकटवतो, खाली झेंड्याचं चित्र टाकतो, संपलं. डोळे मिटून करता येतं. मी कधी कधी मिटतोही.

चाळण बरेच दिवस निमूट चालली. मग एका बाईनं जावयाच्या वाढदिवसाचं गाणं दिलं. जावई पोलिश, ग्झेगोझ नावाचा, आणि त्याच्या आडनावातलं एक अक्षर प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्ह होऊन छापलं गेलं. सासूबाई दुकानात आल्या.

"आम्हाला त्याच्याबद्दल प्रश्न आहेत," त्या म्हणाल्या, "पण ते छापायचे नव्हते."

म्हणून बुधवारी मी चाळणीची अक्षरपद्धत बदलली. जुन्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक खुर्ची मिळायची. आमच्या अक्षरांचं त्यात भागत होतं, पण पोलिश अक्षरांना बसायला जागाच नव्हती. नव्या पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-आठमध्ये, जगातल्या सगळ्या अक्षरांची सोय आहे. फक्त काही अक्षरं अंगानं जाड असल्यामुळे दोन किंवा तीन खुर्च्या अडवतात. मी ग्झेगोझचं नाव, आडनाव आणि पुढे उद्गारचिन्ह असं चाळणीत टाकून पाहिलं. आडनाव अचूक आलं. उद्गारचिन्ह तेवढं गेलं. मला वाटलं, मीच टाकायचं विसरलो असेन. शिवाय ग्झेगोझ गंभीर माणूस आहे.

त्याच संध्याकाळी आईनं तिचं गाणं पाठवलं.

आई आणि व्हेर्नरमामा सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. आजोबा गेल्यावर वाटण्या अगदी गोडीत झाल्या. "तूच घे," "नाही नाही, तूच घे" करत दोघांनी कपाटं, ताटं आणि एक आंधळी मांजर वाटून घेतली. मग ते अंगणातल्या झेंड्याच्या खांबाशी येऊन थांबले. त्या खांबावर दोघांच्या प्रत्येक वाढदिवसाला झेंडा चढला होता. तिथेही दोघं "तूच घे" म्हणाले, पण या खेपेला कोणाच्याच मनात तसं नव्हतं. दोन दिवस असेच गेले. मग मामानं करवत आणली आणि खांब मधोमध कापला. वरचा अर्धा आईकडे आला, खालचा मामाकडे राहिला. तेव्हापासून दोन्ही घरी वाढदिवसाला झेंडा शोकात उतरवल्यासारखा अर्ध्यावर दिसतो आणि लोक फोन करून विचारतात, कोण गेलं.

या एप्रिलात मामाची साठी आली. युट्टेमामीनं मामाला न विचारता आईला बोलावलं आणि आई, काय वाटलं कोण जाणे, हो म्हणाली.

"किती कडवी लिहिलीस?" मी फोनवर विचारलं.

"चौदा. तेरा त्याच्यावर आहेत."

"आणि चौदावं?"

"ते त्याच्यासाठी आहे." ती म्हणाली. "जे सांगायचंय ते त्यात आहे. पण तू वाचायचं नाहीस. तुझ्या रिग्मोरचा नियम आहे ना? मग पाळ."

"आई, सरळ त्याच्यापाशी जाऊन सांग ना, झालं गेलं विसरू."

"सरळ? तोंडावर? मी काय पलीकडच्या स्वीडनची आहे का?" ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होणार ते. सगळ्या पंगतीनं म्हटलं की झालं. त्यालाही बरं पडेल. डोळ्यात पाणी आलं तर म्हणेल, मोहरी झोंबली."

गुरुवारी मी गाणं छापलं. शुक्रवारी आईनं ते लपवलं. गाणं पाहुण्यांच्या हातात उघडं द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. ते कशात तरी लपवतात, म्हणजे आधी थोडी शोधाशोध आणि हशा होतो. कोणी काडेपेटीत लपवतं, कोणी विणलेल्या मोज्यात. आईनं प्रत्येक कागद, अक्षरं आत ठेवून, घट्ट गुंडाळला, वरून बेकिंगचा कागद लावला आणि पिठाच्या गोळ्यात घालून भाजला. प्रत्येक पाहुण्याला एक पाव.

"मामा बेकर आहे," मी म्हणालो. "बेकरला पाव?"

"म्हणूनच," आई म्हणाली.

शनिवारी दुपारी, निघायला आधीच उशीर झालेला असताना, मी वाढदिवसाचा सूट घालून टायची गाठ मारत होतो. मी दुकानाच्या वरच राहतो. खालून रिग्मोरनं हाक मारली. तिची हाक ऐकून मी टाय तसाच सोडला.

"आस्गर, आज पहाटे ओल्सनांच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव होता," ती म्हणाली. "सगळी आळी त्यांच्या दारात उभी राहून गात होती. शेवटी आलं, 'आणि तुम्हा दोघांना लाभो'. काय लाभो? कागदावर नाही. लोकांनी तीनदा 'लाभो, लाभो' म्हटलं आणि आत जाऊन नाश्ता केला. बाई रडतायत. त्यांना वाटतंय, शेजाऱ्यांना काही सुचलंच नाही."

"कधी छापलं होतं?"

"गुरुवारी. आणि हे ऐक. कालच्या कोणाच्या तरी निरोपसमारंभातही हेच झालं. तिथे गाणं 'आम्ही तुला कधीच' इथे संपलं. तो माणूस जेवायला थांबला नाही."

आईचं गाणंही गुरुवारचंच होतं.

आईच्या गाण्याची एक जादा प्रत टेबलाच्या खणात होती. मी ती काढली आणि दुकानाचा नियम मालकिणीच्या डोळ्यांदेखत मोडला. सरळ खाली गेलो. तेरावं कडवं असं होतं:

*बाबांचा खांब अंगणी उभा,*
*दोघांना हवा होता खरा,*
*शब्दाला शब्द लागत गेला,*
*मग त्यानं करवत*

पुढे झेंड्याचं चित्र होतं. मोठं, छान, लाल-पांढरं.

मी आईचा ईमेल उघडला आणि शेवटचं कडवं पहिल्यांदा वाचलं. त्याआधी तेराव्याची शेवटची ओळ पुरी होती: *मग त्यानं करवत घेतली, आणि मी बघत राहिले जरा.* आणि मग:

*आता पुरे, व्हेर्नर, चूक माझीही,*
*खिडकीशी ये, बाहेर बघ जरा,*
*ट्रेलरवर माझा अर्धा आहे,*
*तुझा घेऊन ये, करू पुरा.*

रिग्मोर माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"'जरा' दोनदा आलंय," ती म्हणाली. मग तिनं नाक शिंकरलं. "किती वाजता आहे?"

"पाहुणे बसले असतील."

काय झालं होतं ते आता एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं. क्लिपबोर्डवरच्या नटलेल्या मजकुराच्या डोक्यावर एक चिठ्ठी असते. मजकूर अमुक खुर्चीपासून अमुक खुर्चीपर्यंत आहे, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. चाळण ती चिठ्ठी वाचायची, मजकूर साफ करायची आणि नवी चिठ्ठी लिहून तो परत ठेवायची. नव्या चिठ्ठीत तिनं खुर्च्या मोजायला हव्या होत्या. ती बसलेली माणसं, म्हणजे अक्षरं, मोजत होती. जुन्या पद्धतीत जितकी माणसं तितक्या खुर्च्या, म्हणून बिघडलं नाही. आता आमच्या भाषेतले तीन खास स्वर दोन-दोन खुर्च्यांवर बसणार, आईची वळणदार अवतरणचिन्हं तीन-तीन अडवणार, आणि मांडणीचा प्रोग्राम चिठ्ठीतला आकडा संपला की दार लावून घेणार. मागची मंडळी बाहेर. गाणं जितकं आमच्या मातीतलं, तितकं त्याचं शेपूट आखूड. आईचं गाणं फारच मातीतलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. आधी मजकुराचे बाइट करायचे, मग लांबी मोजायची. मी आधी लांबी मोजत होतो. गाणं पुन्हा चाळणीतून काढलं, पूर्ण आलं. शेवटच्या पाच ओळी चिंचोळ्या पट्ट्यांवर छापायला टाकल्या. पावात भाजलेली गाणी बदलता येत नव्हती, पण पट्ट्या वाटता येणार होत्या. छपाईयंत्र आपल्या चालीनं एकेक पान देत होतं आणि मी त्याच्याभोवती फिरत होतो.

"फिरू नकोस, त्यालाही गरगरतं," रिग्मोर म्हणाली आणि कटरवर पट्ट्या कापायला लागली. मी आईला फोन लावला. बंद. मामा शेवटच्या क्षणी येऊ नकोस म्हणेल या भीतीनं तिनं तो सकाळपासून बंद ठेवला होता. मग जिथे मेजवानी होती त्या समाजमंदिरात रिग्मोरनं फोन केला. तो फ्लेमिंगनं उचलला.

फ्लेमिंग हा निवृत्त कस्टम अधिकारी. गावातल्या प्रत्येक मेजवानीचं सूत्रसंचालन तोच करतो. त्याच्या परवानगीशिवाय कोणी शिंकत नाही.

"फ्लेमिंग, इंगेलिसचं, आस्गरच्या आईचं, गाणं थांबव. शेवट कापला गेलाय," रिग्मोर म्हणाली.

"गाणं डुकराच्या भाजीनंतर आणि आइस्क्रीमच्या आधी आहे," फ्लेमिंग म्हणाला. "आता भाजी चालू आहे." आणि त्यानं फोन ठेवला.

रिग्मोरनं मला व्हॅनची चावी दिली. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'प्रत्येक प्रसंगी अचूक शब्द'. गावाबाहेर पडलो तर पुढे शेणखताचा टँकर. एप्रिलात सगळ्या रस्त्यांवर त्यांचंच राज्य असतं. त्याचा ड्रायव्हर मला आरशात बघून मैत्रीनं हात हलवत होता आणि हळूहळू चालवत होता. खिडक्या लावूनही वास आत येत होता. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो, हॉर्न वाजवत होतो, एका कडव्याला किती वेळ लागतो याचा हिशेब करून लगेच विसरत होतो. शेवटी वळणावर डोळे बारीक करून त्याला मागे टाकलं. त्यानं पुन्हा हात हलवला.

समाजमंदिराच्या आवारात आईची गाडी होती. मागे ट्रेलर, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीतून लांबलचक टोक बाहेर, आणि टोकाला नियमाप्रमाणे बांधलेलं लाल फडकं. कित्येक माणसं त्याच्या शेजारून आत गेली असतील.

दारातच फ्लेमिंग उभा होता.

"उशीर झाला तुला. तुझी भाजी गार झाली," तो म्हणाला.

"फ्लेमिंग, या पट्ट्या वाटायच्या आहेत. आत्ता. गाण्याचं शेवटचं कडवं आहे."

"कार्यक्रमपत्रिकेत पट्ट्या नाहीत."

"म्हणून तर मी—"

"समाजमंदिराच्या छतासाठीच्या लॉटरीची तिकिटं आहेत. आइस्क्रीमनंतर. पट्ट्या नाहीत."

"फ्लेमिंग, माझ्या आईचं आणि मामाचं सहा वर्षांचं—"

"मला माहीत आहे," फ्लेमिंग एकदम हळू आवाजात म्हणाला. "म्हणून मी दोघांना टेबलाच्या दोन टोकांना बसवलंय. माझ्या मेजवानीत आजवर मारामारी झालेली नाही." मग तो आत वळला, पेल्यावर चमचा वाजवला आणि घोषणा केली, "मंडळी! इंगेलिसचं गाणं! पाव फोडा!"

हॉलभर पाव फुटले. लोक हसले, गुंडाळ्या सोडवायला लागले, कपड्यांवरचा चुरा झटकायला लागले. मुख्य जागेवर व्हेर्नरमामानं आपला पाव दोन्ही हातांत धरला, मधून उघडला, आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि युट्टेमामीला म्हणाला, "आत कच्चा राहिलाय." पण कागद त्यानं अगदी हळू, एकही टोक फाटू न देता उलगडला.

आई दुसऱ्या टोकाला होती. निळा ड्रेस, पाठ ताठ. मला बघून तिनं फक्त भुवई उचलली. टाय कुठंय?

ऑर्गन सुरू झाला. मी वाकून टेबलांमधून पळत पट्ट्या वाटायला लागलो. पहिलं कडवं मामाच्या पोटावर होतं:

*व्हेर्नरचं पीठ रात्रभर फुगतं,*
*दिवसभर फुगतो तो,*
*गल्ल्यामागे उभा राहिला*
*की अर्धा प्रकाश जातो!*

हशा झाला. मामाही हसला, थोडासा, एका बाजूनं. मी लोकांच्या हातात पट्ट्या कोंबत होतो. "शेवटी म्हणायचं," मी कुजबुजत होतो, "शेवटी!"

"हो हो, आइस्क्रीमनंतर," एक काका म्हणाले आणि पट्टी खिशात घातली. त्यांची बायको म्हणाली, "मला दोन दे. मागच्या वेळी काहीच लागलं नव्हतं."

सगळ्यांनी गाता गाता पट्ट्या खिशात, पर्समध्ये, एका माणसानं तर चष्म्याच्या घरात ठेवल्या. "लॉटरी नाही!" मी ओरडलो. ते कोरसमध्ये बुडालं. सहावं कडवं, मामानं लग्नात स्वतःचाच केक खाली पाडला त्याबद्दल. आठवं, त्याच्या मोटरसायकलबद्दल. मी आईपर्यंत पोचायला बघत होतो, पण मध्ये फ्लेमिंग हात पसरून उभा होता.

"गाणं चालू असताना चालायचं नाही," तो दातांतून म्हणाला.

"फ्लेमिंग, मी तुला चावेन."

"पत्रिकेत नाही."

आणि तेरावं कडवं आलं. बाबांचा खांब अंगणी उभा. हशा थांबला. गावात कोणाला तो खांब माहीत नाही? लोकांचा आवाज बसत गेला, पण चालीनं त्यांना पुढे ढकललं. शब्दाला शब्द लागत गेला. मग त्यानं करवत.

ऑर्गनवाला कागद बघून वाजवत नाही, त्यानं ओळ पुरी केली. दोघातिघांनी "ला ला" म्हटलं. मग तोही थांबला. सगळ्यांनी कागद उलटे केले. मागे कोरं होतं.

आईनं आपला कागद उलटा केला, परत सरळ केला. तिचा चेहरा असा झाला, जणू तिला कोणीतरी भर रस्त्यात अर्ध्यातच गाडीतून उतरवलंय.

मामा उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तेवढा झाला.

"करवत काय, इंगे?"

आईनं कागद टेबलावर ठेवला आणि उठायला लागली.

"घेतली," मामा म्हणाला. "हो, घेतली. सगळ्या गावाकडून म्हणवून घ्यायचं होतं ना? झालं. घेतली करवत."

"व्हेर्नर, तसं नाही, अजून पुढे—"

"अख्खी दुपार लागली कापायला. बोथट होती. आणि तू सारा वेळ खिडकीत उभी होतीस. एकदा हाक मारली असतीस तर थांबलो असतो."

"मला वाटलं, तू थांबशील."

"मला वाटलं, तू हाक मारशील."

फ्लेमिंगनं पेल्यावर चमचा वाजवला. "हे कार्यक्रमात नाही."

"गप बस, फ्लेमिंग," दोघं एकदम म्हणाले. सहा वर्षांतलं ते पहिलं एकमत. पण त्यावर हसावं इतकी कोणाची हिंमत नव्हती.

मामानं खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. "चालू द्या तुमचं," तो पाहुण्यांना म्हणाला. "आइस्क्रीम वितळेल." आणि स्वतःच्याच वाढदिवसातून निघाला. मी आडवा गेलो आणि पट्टी पुढे केली.

"मामा, हे वाच. फक्त हे वाच."

"नको रे. मला कधी काही लागत नाही," तो माझ्याकडे न बघता म्हणाला आणि मला बाजूला सारून दाराकडे गेला.

तेवढ्यात टूरामावशी ओरडली. टूरामावशी म्हणजे आईची आणि मामाची मावशी, नव्वदीची, कानानं अधू. तिला खिडकीजवळ बसवलं होतं आणि काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. तिनं भिंग डोळ्याला लावून पट्टी वाचली होती.

"मला लागलं!" ती म्हणाली. "मला ट्रेलर लागला!"

"मावशी, ते तिकीट नाही," आई म्हणाली.

"लिहिलंय की इथे! ट्रेलरवर... माझा अर्धा आहे." तिनं भिंग जवळ घेतलं. "म्हणजे अर्धाच ट्रेलर? उरलेला अर्धा कोणाला?" मग खिडकीतून बाहेर बघितलं. "तो बघा, उभा आहे! त्याच्यावर खांबही आहे. खांब धरून आहे का बक्षीस?"

मामा दारात थांबला.

"काय म्हणालीस मावशी?"

"व्हेर्नर, तुझंही नाव आहे बघ यात. आता पुरे, व्हेर्नर, चूक माझीही." ती मोठ्यानं, शाळेतल्यासारखी वाचत गेली. "खिडकीशी ये, बाहेर बघ जरा."

मामा खिडकीशी गेला. कपाळ काचेला टेकवून बघत राहिला. हॉलमध्ये खिसे आणि पर्सा चाचपल्याचा आवाज व्हायला लागला. चष्म्याचं घर उघडलं. कोणीतरी शेवटच्या ओळी हळू आवाजात म्हणायला लागलं, दुसऱ्या कोणी वेगळ्याच पट्टीत, ऑर्गनवाल्याला मध्येच चाल सापडली. एकत्र असं काही झालं नाही. चौदावं कडवं असं हॉलभर विस्कटून, तुकड्यातुकड्यांनी गायलं गेलं. हुर्रा कोणी केलं नाही.

मामा खिडकीपासून वळला नाही.

"तेल लावलंयस त्याला?" त्यानं विचारलं.

"दर वसंतात," आई म्हणाली.

"जवसाचं?"

"मग काय लोणी?"

त्यानं नाक पुसलं. "इथे मोहरी कोणी ठेवलीय इतकी," तो म्हणाला. भाजीत मोहरी नव्हती.

मामाची बेकरी समाजमंदिराच्या शेजारीच. त्याच्या अंगणातला खालचा अर्धा सहा माणसांनी बिजागरीवरून आडवा केला, आईचा अर्धा ट्रेलरवरून आणला, आणि सगळी पंगत गळ्यात नॅपकिन असतानाच बाहेर येऊन उभी राहिली. टोकं जुळेनात. आईनं आपलं टोक सहा वर्षांपूर्वी पॉलिश पेपरनं घासून गोल केलं होतं, मामानं त्याच्या टोकावर पत्र्याची टोपी ठोकली होती. मग पुरुषांनी टाय सोडून दिले आणि त्यांनी सांधा आवळला. माझा टाय नव्हता म्हणून माझा पट्टा घेतला. मी पँट धरून उभा राहिलो. फ्लेमिंगनं आपला टाय सगळ्यात शेवटी दिला आणि तो कुठे बांधला याची नोंद करून ठेवली.

खांब उभा राहिला. थोडा वाकडा, पण पुरा. आईनं आणि मामानं मिळून दोरी ओढायला घेतली. झेंडा सरसर वर गेला, टायांच्या गाठीत अडकला आणि बरोबर मधोमध थांबला.

रस्त्यावरून शेणखताचा टँकर आला. त्यानं वेग कमी केला, थांबला. ड्रायव्हरनं खिडकी खाली केली आणि टोपी काढली.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही!" मामा ओरडला. "साठी आहे!"

"दोरी सोड, व्हेर्नर, झटका देते," आई म्हणाली.

"सोडली तर खाली येईल."

"तुला लहानपणापासून येत नाही. बाबा माझ्याच हातात द्यायचे."

"बाबा तुझ्या हातात द्यायचे आणि मागून स्वतः ओढायचे!"

"खोटारड्या!"

माझा फोन वाजला. रिग्मोर. "काय झालं?"

"भांडतायत," मी म्हणालो.

"अरे देवा."

"नाही, बरं चाललंय."

"मग निघ. बुधवारपासूनची सगळी शेपटं छापून ठेवलीत. ओल्सनांचं आधी. त्या अजून रडतायत. आणि तो निरोपवाला माणूस कुठे राहतो ते शोध, त्याला लोक कधीच विसरणार नाहीत ते कळू दे."

मी एका हातानं पँट धरून व्हॅनकडे निघालो. टँकर अजून तिथेच होता, त्याच्या मागे दोन गाड्या थांबल्या होत्या. मागे दोघं दोरीला लोंबकळत होते आणि झेंडा जागचा हलत नव्हता.

"आणि तुझे पाव आत कच्चे होते!" मामा म्हणत होता.

"आत कागद होता!"

"कागदानं नाही. तू भट्टी तापायची वाट बघत नाहीस. कधीच बघितली नाहीस." दोरीला एक हिसका. "उद्या ये, दाखवतो."

"किती वाजता?"

"बेकरी आहे, इंगे. पहाटे तीनला."

"तीनला मी झोपलेली असते."

"मग अडीचला फोन करतो," मामा म्हणाला. "तुझा फोन चालू ठेव."